शाळाला की शाळेला? सामान्यरूप आणि विभक्ती

१. चुकलं नेमकं काय?

नोएडात राहणाऱ्या मराठी घरांत एक तक्रार नेहमी ऐकू येते. मुलांना मराठी सगळं कळतं, बोलतातही, पण "मी शाळाला जाते", "झाडवर माकड आहे", "घोडाला गवत दिलं" अशी वाक्यं त्यांच्या तोंडून येतात. आई लगेच सुधारते, "शाळाला नाही गं, शाळेला." मग मुलीचा प्रश्न येतो, आणि तो अगदी रास्त असतो. 'शाळा' हा शब्द आहे, 'ला' हा प्रत्यय आहे, मग दोन्ही जोडून 'शाळाला' का होत नाही? मधेच 'शाळे' कुठून आलं?

घरातलं मोठं माणूस बहुधा "तुझी विभक्ती चुकली" असं सांगून मोकळं होतं. सहावी-सातवीत संस्कृत शिकणाऱ्या मुलीला हे उत्तर पटत नाही. तिच्या वहीत विभक्तीचा तक्ता आहे आणि चतुर्थी म्हणजे काय हे तिला माहीत आहे. 'ला' हा प्रत्यय तिने बरोबर निवडला आहे. शाळेने, शाळेहून, शाळेचा या कशाशीही तिचा गोंधळ झालेला नाही.

म्हणजे विभक्ती चुकलेली नाही, चुकलंय ते सामान्यरूप. हे दोन शब्द आपण शाळेत एकाच आठवड्यात शिकतो, एकाच धड्यात वाचतो आणि पुढे आयुष्यभर एकमेकांत मिसळून टाकतो. ते वेगळे केले की मराठीच्या रचनेतली एक मोठी गोष्ट हाती लागते.

२. शब्द उघडून पाहू

'घोड्याला' हा शब्द घ्या. त्याच्या शेवटचा 'ला' काढून टाकला तर काय उरतं? 'घोडा' नाही उरत, 'घोड्या' उरतं. आता इतर रूपं पाहा: घोड्याने, घोड्याहून, घोड्याचा, घोड्यात. प्रत्यय दर वेळी बदलला, अर्थ बदलला, पण 'घोड्या' तसाच राहिला. आणखी पुढे जा: घोड्यावर, घोड्यासाठी, घोड्यापुढे, घोड्याजवळ. इथे तर विभक्तीचे प्रत्ययही नाहीत, शब्दयोगी अव्ययं आहेत. तरीही 'घोड्या' कायम.

प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी मूळ नामात जो बदल होतो, त्या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. सगळ्या प्रत्ययांना ते समान असतं, म्हणून 'सामान्य'. विभक्ती त्यानंतर येते. त्या नामाचा वाक्यातल्या इतर शब्दांशी संबंध काय आहे, म्हणजे कोणाला, कोणी, कुठून, कोणाचा, कुठे, हे ती दाखवते, आणि त्यासाठी ला, ने, हून, चा, त असे प्रत्यय वापरते.

कानात डूल घालायचा तर आधी कान टोचावा लागतो. एकदा टोचला की त्यात डूल घाला, कुडी घाला, झुबा घाला, भोक तेच राहतं. सामान्यरूप म्हणजे कान टोचणं, आणि विभक्तीचा प्रत्यय म्हणजे दागिना. 'शाळाला' म्हणणाऱ्या मुलीने दागिना योग्य निवडला, पण कान टोचायचा राहून गेला.

शब्दाला काहीही जोडलं की सामान्यरूप होतंच, असं मात्र नाही. 'शाळाच बंद आहे', 'घोडासुद्धा दमला', 'घोडाही तहानला होता' या वाक्यांत शाळा आणि घोडा जसेच्या तसे आहेत. च, ही, सुद्धा, देखील, मात्र यांना म्हणूनच शुद्ध शब्दयोगी म्हणतात. हे शब्द संबंध दाखवत नाहीत, फक्त जोर देतात किंवा भर घालतात. संबंध दाखवायची वेळ आली की मराठी नाम आपलं रूप बदलून तयार होतं.

३. विशेषणाची साक्ष

दोन्ही गोष्टी खरोखर वेगळ्या आहेत की व्याकरणकारांनी उगीच दोन नावं दिली, अशी शंका येऊ शकते. तिचं उत्तर 'मोठ्या घोड्याला' या दोन शब्दांतच आहे.

'मोठा घोडा' म्हणताना विशेषण 'मोठा' होतं. 'घोड्याला' म्हणायची वेळ आली तसं तेही बदलून 'मोठ्या' झालं. पण त्याला 'ला' लागला का? नाही. 'मोठ्याला घोड्याला' असं कोणी म्हणत नाही. विशेषणाने सामान्यरूप घेतलं आणि ते तिथेच थांबलं. विभक्तीचा प्रत्यय एकट्या नामाला लागला. 'मोठ्या' हे विभक्तीशिवाय उभं असलेलं सामान्यरूप आहे, आणि असं रूप रोजच्या बोलण्यात शेकडो वेळा येतं: चांगल्या मुलाला, जुन्या वाड्यात, काळ्या मातीत.

संस्कृतात असं होत नाही. तिथे विशेषण नामाच्या मागे विभक्तीसकट चालतं. 'सुंदर बालकाने' हे संस्कृतात 'सुन्दरेण बालकेन' होईल, तृतीयेचा प्रत्यय दोघांनाही. मराठीने हे ओझं टाकून दिलं आणि विशेषणाला फक्त इशारा करायला शिकवलं: पुढे येणाऱ्या नामाला काहीतरी जोडलेलं आहे, एवढाच तो इशारा. मला मराठीच्या रचनेतला हा भाग फार देखणा वाटतो.

दुसरी साक्ष हाक मारण्याची. 'बाळ' या शब्दाला हाक मारताना आपण 'बाळा' म्हणतो, 'मुलगी'ची 'मुली' होते, 'पोर'ची 'पोरी' होते. एकवचनी संबोधनाला मराठीत प्रत्यय नाही, नुसतं सामान्यरूप पुरतं. अनेकवचनात मात्र 'नो' लागतो: बाळांनो, मुलींनो.

४. यमुना एक्स्प्रेस वेवरची तीन गावं

आता नियमांकडे वळू. ते वाटतात तेवढे अवघड नाहीत. सामान्यरूप ठरतं मुख्यतः दोन गोष्टींवर, नामाचं लिंग कोणतं आणि शेवटचा स्वर कोणता.

२०१२ साली ग्रेटर नोएडा ते आग्रा असा १६५ किलोमीटरचा यमुना एक्स्प्रेस वे सुरू झाला. तो मथुरा जिल्ह्यातून जातो. नोएडातलं मराठी कुटुंब सुट्टीत या रस्त्याने गेलं तर काय म्हणेल? "नोएडाहून सकाळी निघालो, मथुरेला थांबलो आणि दुपारी आग्र्याला पोहोचलो." तिन्ही नावांच्या शेवटी 'आ' आहे, पण मराठीने तिघांना तीन तऱ्हांनी वागवलं.

मथुरा स्त्रीलिंगी आहे. आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं सामान्यरूप एकारान्त होतं: शाळा-शाळेला, अयोध्या-अयोध्येला, अमेरिका-अमेरिकेला. मुलीला हवं असलेलं उत्तर इथे आहे.

आग्रा पुल्लिंगी. आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप 'या'कारान्त होतं: घोडा-घोड्याला, वाडा-वाड्यात, सातारा-साताऱ्याला, गोवा-गोव्याला, पाटणा-पाटण्याला. १६६६ सालची ती घटना प्रत्येक मराठी मुलाला 'आग्र्याहून सुटका' याच नावाने ठाऊक असते. 'आग्राहून सुटका' असं म्हणून पाहा, कानाला लगेच खटकेल.

मग नोएडाचं काय? वाडा-वाड्यात, तसं नोएडा-नोएड्यात व्हायला हवं होतं. ते होत नाही, कारण नोएडा हे गावाचं जुनं नाव नाही. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी ही संस्था १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झाली, आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचं मिळून झालं नोएडा. आद्याक्षरांपासून बनलेल्या नावाला मराठी हात लावत नाही. 'नासा' ही संस्था घ्या. 'ससा-सशाला' या चालीने 'नाशाला' केलं तर अर्थाचा नाश होईल. म्हणून नासाने, इस्रोने, नोएडाला. गंमत म्हणजे ज्या ओखल्यावरून हे नाव निघालं, त्या जुन्या गावाचं 'ओखल्याला' हे रूप मराठी जिभेवर सहज बसतं.

नाती आणि मानाचे शब्दही आपलं रूप टिकवतात: मामाला, काकाला, दादाला, राजाला. शेवटी 'आ' आहे, पुल्लिंग आहे, तरी 'या' होत नाही.

बाकी नियम थोडक्यात. अकारान्त पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांचं सामान्यरूप आकारान्त: दगड-दगडाला, झाड-झाडावर. नपुंसकलिंगी एकारान्ताचं 'या': पुणे-पुण्याला, नाणे-नाण्याचा. ईकारान्त स्त्रीलिंगी बहुधा एकवचनात तसंच राहतं: नदी-नदीला, दिल्ली-दिल्लीत. काही शब्दांत आतला स्वरही हलतो: पाऊस-पावसात, देऊळ-देवळात, कणीस-कणसाचा.

एक जागा मात्र मराठी घरातल्या मुलांनाही अडवते, ती अकारान्त स्त्रीलिंगी नामांची. वीट-विटेला, पण भिंत-भिंतीला. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, मग फरक का? त्याची किल्ली अनेकवचनात आहे. एक वीट, अनेक विटा: अनेकवचनात 'आ' आला तर सामान्यरूपात 'ए'. एक भिंत, अनेक भिंती: अनेकवचनात 'ई' आली तर सामान्यरूपातही 'ई'. जीभ-जिभा-जिभेला, रात्र-रात्री-रात्रीचा. पाठांतराची गरज नाही, आधी 'अनेक' लावून बघायचं.

५. अनुस्वार कुठून आला?

अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार असतो: घोड्यांना, शाळांत, झाडांवर, भिंतींचा. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली, तेव्हा लेखनातले कितीतरी जुने अनुस्वार गेले, पण हा राहिला. तो राहणं गरजेचंच होतं, कारण कित्येकदा एक आणि अनेक यांतला सगळा भेद त्या एका टिंबावर उभा असतो.

'काकाच्या घरी' आणि 'काकांच्या घरी' यांत प्रत्यय अगदी तोच आहे. विभक्ती षष्ठी, दोन्हीकडे 'च्या'. फरक फक्त सामान्यरूपात, आणि त्यातही एका अनुस्वारात. पण ऐकणाऱ्याला कळतं की दुसऱ्या वाक्यात बोलणारा काकांना मान देतो आहे. हिंदीत हे काम बहुतेक वेळा 'जी' करतं. मराठी आदर अनेकवचनी सामान्यरूपात ठेवते. नोएडातलं मूल "काकाला बोलाव", "सरच्या वर्गात" असं म्हणतं तेव्हा ते उद्धटपणे बोलत नसतं. त्याला माहीत नसतं की मराठीत मान कुठे ठेवलेला असतो. त्याला रागावण्यापेक्षा हा अनुस्वार दाखवून दिलेला बरा.

हा अनुस्वार फार जुना आहे. संस्कृतात षष्ठीचं अनेकवचन 'देवानाम्'. प्राकृतात त्याचं 'देवाणं' झालं. झिजत झिजत मराठीत उरलं 'देवां-', आणि त्याला आपण आज ना, नी, चा जोडतो. आकारान्त स्त्रीलिंगी नामाची गोष्टही अशीच आहे. संस्कृतात 'मालया', 'मालायाः', 'मालायाम्' अशी निरनिराळ्या विभक्त्यांची निरनिराळी रूपं. प्राकृतात बऱ्याच विभक्त्यांना मिळून एकच 'मालाए' उरलं. मराठीच्या 'माळे-'मधला 'ए' त्याच घराण्यातला.

म्हणजे सामान्यरूप हा जुन्या विभक्तीचाच अवशेष आहे. एके काळी ते रूप स्वतःच संबंध दाखवत होतं. अनेक विभक्त्या झिजून एकसारख्या दिसू लागल्या तेव्हा नेमका कोणता संबंध हे कळेना, म्हणून त्यापुढे नवे शब्द जोडले जाऊ लागले. 'घरामध्ये'मधलं 'मध्ये' पाहा, ते संस्कृत 'मध्य' शब्दाचं सप्तमीचं रूप आहे. एका जुन्या विभक्तीच्या अवशेषावर दुसरी जुनी विभक्ती येऊन बसली आणि सप्तमीचं काम करू लागली.

६. मग तक्ता कोणाचा?

प्रथमा ते संबोधन हा आठ ओळींचा तक्ता संस्कृत व्याकरणाचा. पाणिनीने नामांना लागणारे एकवीस प्रत्यय मोजले: सात विभक्त्या, प्रत्येकीची तीन वचनं. संस्कृतात प्रत्यय आणि शब्द एकमेकांत विरघळलेले असतात. रामेण, रामाय, रामात्, रामस्य यांत सगळ्यांना समान अशी मधली पायरी नाही, म्हणून तिथे सामान्यरूप ही कल्पनाच लागत नाही. संस्कृतची वही घेऊन मराठीकडे येणाऱ्या मुलीला ती कुठे सापडली नाही, यात नवल नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली छापून आलं, मोरो केशव दामल्यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा थोर ग्रंथ १९११ साली. मराठीचं व्याकरण लिहिताना संस्कृतचा साचा समोर होता, आणि विभक्तीचा तक्ता तिथूनच शाळेच्या पुस्तकांत आला. त्या साच्यात काही गोष्टी दाटीवाटीने बसतात. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय मराठीत तेच आहेत, स, ला, ना. 'घरात' ही सप्तमी, पण त्याच अर्थाचं 'घरामध्ये' मात्र शब्दयोगी. 'आजीला शाल दिली'मधला 'ला' विभक्ती, 'आजीसाठी शाल आणली'मधला 'साठी' विभक्ती नाही. ही सीमारेषा मराठीच्या स्वभावातून आलेली नाही, परंपरेने आखलेली आहे. 'ला' आणि 'साठी' दोघांनाही आधी सामान्यरूप लागतं, हे मात्र मराठीचं स्वतःचं आहे.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की मराठी शिकवताना, निदान महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना, विभक्तीचा तक्ता आधी देऊच नये. आधी सामान्यरूप द्यावं. ते जमलं की प्रत्यय आपोआप लागतात, कारण त्यांचा अर्थ मुलांना हिंदीतून आधीच कळलेला असतो. 'को' कळतं त्याला 'ला' कळायला वेळ लागत नाही.

७. हिंदी कुठवर साथ देते?

हिंदीतही सामान्यरूप आहे. 'घोड़ा'चं 'घोड़े को' होतं, 'घर'चं अनेकवचनात 'घरों में' होतं. पण हिंदीत त्याचा पसारा लहान आहे. एकवचनात आकारान्त पुल्लिंगी नामं सोडली तर बाकीची तशीच राहतात: घर में, पेड़ पर, माला को, दीवार पर. मराठीत यांतल्या बहुतेकांना हलावं लागतं: घरात, झाडावर, माळेला, भिंतीवर. 'झाडवर' आणि 'शाळाला' या चुका नेमक्या इथे होतात. मूल हिंदीच्या नियमाने मराठी शब्द जोडतं. 'नदीला', 'दिल्लीत' अशा रूपांत ते चुकत नाही, कारण तिथे दोन्ही भाषा सारख्याच वागतात.

आणखी एक फरक लिहिण्यातला. हिंदीत 'में', 'पर', 'को' नामापासून सुटे लिहितात, मराठीत सगळं एका शब्दात. सुटं लिहिलं की नाम अखंड राहिलंय असा समज डोळ्यांना होतो. मराठीत तसा समज धरून चालत नाही.

८. नवे शब्द, नवी गावं

बाहेरून आलेला शब्द मराठीत किती मुरला हे त्याच्या सामान्यरूपावरून ओळखता येतं. 'कॅमेरा' मुरला, म्हणून कॅमेऱ्यात. 'सोफा' मुरला, सोफ्यावर. 'टेबल' मुरलं, टेबलावर. 'डेटा' अजून दारात उभा आहे, म्हणून डेटामध्ये. 'रिक्षा' दोन्हीकडे: कोणी रिक्षात बसतं, कोणी रिक्षेत. दोघांनाही चूक म्हणू नये, शब्द वाटेवर आहे इतकंच.

अकारान्त गावांच्या नावांत एक सूक्ष्म गोष्ट घडते. 'नागपूरला', 'नागपूरहून' यांत नाम जसंच्या तसं, पण 'नागपुरात' म्हणताना एकदम सामान्यरूप येतं, पू ऱ्हस्व होतो. असं का? 'ला' आणि 'हून' यांच्याजवळ स्वतःचा स्वर आहे, ते व्यंजनाने संपणाऱ्या उच्चाराला टेकून उभे राहतात. सप्तमीचा 'त' उच्चारात अर्धा आहे, त्याला आधी स्वर हवाच. म्हणून एकतर 'नागपुरात' करायचं किंवा 'नागपूरमध्ये' म्हणायचं. नोएडाच्या शेवटी 'आ' आधीच आहे, त्यामुळे 'नोएडात' हे रूप काहीही न बदलता जमून जातं. व्यक्तींच्या नावांतही असंच चाललं आहे. रामाला, गोविंदाला ही जुनी रूपं टिकून आहेत, पण सचिनला कोणी 'सचिनाला' म्हणत नाही.

९. एक वाक्य सोडवू

"मोठ्या काकांच्या जुन्या कॅमेऱ्यात मथुरेचे फोटो आहेत."

मोठ्या: विशेषण, फक्त सामान्यरूप, विभक्तीचा प्रत्यय नाही.

काकांच्या: 'काकां' हे आदरार्थी अनेकवचनी सामान्यरूप, त्याला षष्ठी. मूळ प्रत्यय 'चा'. पुढचा कॅमेरा सामान्यरूपात गेला म्हणून 'चा'चंही 'च्या' झालं. प्रत्ययालासुद्धा सामान्यरूप होतं, ते असं.

जुन्या: पुन्हा विशेषण, 'मोठ्या'सारखंच.

कॅमेऱ्यात: 'कॅमेऱ्या' हे सामान्यरूप, 'त' सप्तमीचा.

मथुरेचे: 'मथुरे' हे सामान्यरूप, 'चे' षष्ठीचा. इथे 'च्या' झालं नाही, कारण पुढच्या 'फोटो'ला काही जोडलेलं नाही. 'मथुरेच्या फोटोंत' म्हटलं असतं तर झालं असतं.

फोटो: प्रथमा. प्रत्यय नाही आणि सामान्यरूपही नाही.